शाळेच्या वर्कशॉपला कुलूप लावणाऱ्या मंडळास एका पालकाचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सर्व संचालक आणि मुख्याध्यापिका बाई यांस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र शाळेच्या ऑफिसात दिलंय, पोच पण घेतलीय. तरी इथं सगळ्यांसमोर टाकतोय कारण ऑफिसात दिलेल्या अर्जांचं पुढं काय होतं ते आम्ही पालक बरीच वर्षं बघत आलोय, आणि दुसरं म्हणजे हे आता एका शाळेपुरतं राहिलेलं नाही. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला बदनामी करायची नाही. मी त्याच शाळेत शिकलो, माझी पोरगी आत्ता तिथंच सातवीत आहे, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, माझं छोटं मशीन शॉप आहे, म्हणजे तुमच्याकडनं शिकून बाहेर पडलेली पोरं पुढं आमच्यासारख्यांच्या दारात काम मागायला येतात. तिन्ही बाजूंनी माझा संबंध येतो म्हणून बोलतोय.

जूनमधे ग्रुपवर नोटीस आली. "पालकांच्या मागणीनुसार" कार्यानुभवाच्या, म्हणजे हातानं कामं शिकायच्या, तासाला इथून पुढं टॅबवर डिजिटल स्किल्स शिकवणार, बाहेरच्या एका कंपनीचं अॅप, त्याची फी वेगळी, आणि वर्कशॉपची खोली रिकामी करून तिथं एसी बसवून लॅब करणार. खाली भराभर अंगठे. मी विचारलं की मागणी कुठल्या पालकांनी केली, मीटिंग कधी झाली, तर उत्तर न देता अॅडमिननं "हा ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे" लिहून सेटिंगच बदललं. आता तिथं फक्त शाळा बोलते आणि आम्ही वाचतो. ही माझी पहिली तक्रार. बाकीच्या पुढं येतीलच.

त्या खोलीत काय होतं ते मंडळातल्या नव्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. भिंतीला लागून जाड सागवानी टेबलं, त्यांना व्हाईस (वस्तू घट्ट आवळून धरायचा शिकंजा), मग करवती, रंधे, पटाश्या, कानशी, गुण्या, कोपऱ्यात शिवणाची दोन मशीनं आणि खिडकीबाहेर भाजीचे वाफे. आमच्या वेळच्या सरांचा नियम होता, हत्यार वापरलं की पुसून तेलाचं बोट फिरवून जागेवर ठेवायचं, नाही ठेवलं तर पुढच्या तासाला झाडू. हे सगळं मेच्या सुट्टीत भंगारात गेलं. मला कसं कळलं? उद्यमनगरात भंगारवाल्यांकडं मी जुनी टूलं बघायला जात असतो, तिथं ढिगाऱ्यात एक बेंच व्हाईस दिसला, बाजूला पिवळ्या ऑइलपेंटनं शाळेचं नाव आणि नंबर. किलोच्या भावानं आलेला. मी तो विकत घेतला, स्क्रू साफ करून ग्रीस घातलं, आज माझ्याकडं मस्त चालतोय. बिडाची वस्तू, जपून वापरली तर आपल्या नातवंडांना पुरली असती. तुम्ही जे टॅब आणताय त्यांना चार-पाच वर्षांनी अपडेट यायचं बंद होईल आणि मग परत फी.

आता कुणी म्हणेल हा जुन्या वळणाचा माणूस आहे, कॉम्प्युटरचा राग आहे याला. तसं अजिबात नाही. माझ्याकडं सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, आहे, त्याचे हप्ते अजून चालू आहेत, ड्रॉइंग मेलवर येतं, जीएसटी ऑनलाइन भरतो, पोरीला युट्यूबवरनं गणित समजावतो. उलट सीएनसी आहे म्हणूनच बोलतोय. मशीनसमोर जो नवा पोरगा उभा राहतो त्याला प्रोग्रॅम येतो, बटणं येतात, हुशार असतोय. पण टूल झिजलं की कापायचा आवाज बदलतो, चिपचा, म्हणजे निघणाऱ्या कातरणाचा, रंग बदलतो, जॉबवर (कापल्या जाणाऱ्या वस्तूवर) बारीक लाटा उठतात, आणि आमच्यासारख्यांच्या साध्या मशीनच्या पडद्यावर यातलं काही येत नाही. माझ्याकडचा जुना कामगार पाठ करून उभा असला तरी नुसत्या आवाजावरनं ओरडतो, अरे इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदल. नवा पोरगा अलार्म यायची वाट बघत बसतो, तोपर्यंत अर्धा लॉट रिजेक्ट. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात दिला की विचारतो, डिजिटल नाही काय? आहे की डिजिटल, पण सेल गेला की काम थांबवायचं का? 0.02 मिलिमीटर रेघेवर वाचायला शिकणं एका दुपारचं काम आहे. कानस दिली तर पुढं रेटायची का मागं ओढायची इथनं सुरुवात करावी लागते (पुढं जाताना कापते, मागं येताना दाब सोडायचा, हे आम्ही त्याच तुमच्या खोलीत आठवीत शिकलो). मी त्या पोरांना नावं ठेवत नाही. त्यांच्या हातात विसाव्या वर्षापर्यंत कुणी काही दिलंच नाही, तर त्यांनी करायचं काय.

शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला एखाद्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मुलांना घेऊन जा एकदा. वाळू तपासायला लॅब असते, ओलावा आकड्यात कळतो. तरी मोल्डिंगवरचा, म्हणजे वाळूचा साचा करणारा, जाणता माणूस वाळूची मूठ दाबून, मोडून बघतोच, तुटलेली कड साफ राहिली का भुगा झाला यावरनं सांगतो पाणी कमी आहे का बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती). पॅटर्न, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुना, करणारा सुतार लाकूड तासताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर जादा धरतो कारण बीड थंड होताना तेवढं आक्रसतं. तिकडं गुऱ्हाळावर गुळव्या (गूळ करणारा कारागीर) उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी करून बघतो आणि काहिल (पाकाची मोठी कढई) कधी उतरायची ते तोच ठरवतो. कोल्हापुरी गुळाला 2014 ला जीआय (त्या भागाचीच वस्तू म्हणून सरकारी नोंद) मिळाला म्हणून आपण पेढे वाटले, पण गुऱ्हाळं बंद पडायला लागलीत त्यात जाणता गुळव्या मिळत नाही हे पण एक कारण आहेच. ही माणसं अडाणी नव्हेत. त्यांना जे येतं ते कागदावर पूर्ण उतरत नाही, बघून, करून, चुकून येतं, आणि त्याला लहानपणी हाताला वळण लागायला लागतं.

बरं, कारखान्याचं सोडा, सगळ्यांची पोरं काही उद्यमनगरात येणार नाहीत. साध्या रोजच्या गोष्टी बघा. पोरीच्या वर्गात एकाच्या शर्टाचं बटण तुटलं तर त्यानं स्टेपलरची पिन मारली. हिनं दप्तरातनं सुई काढून लावून दिलं तर वर्ग गोळा झाला बघायला. मी विचारलं तुला कुठनं येतंय, तर म्हणती, "मी आज्जीकडं शिकलो की." दिवाळीत आमच्या अपार्टमेंटमधल्या पोरांनी किल्ला विकत आणला. प्लास्टरचा, रंगवलेला, बुरूज दरवाज्यासकट, ठेवला की झालं, पुढं उभं राहून फोटो. पोत्यानं माती आणा, दगड रचा, गोणपाट भिजवा, चिखलात पाणी जास्त झालं की तटबंदी खाली बसते मग परत करा, वर हळीव पेरा, यातलं काहीच नाही. आणि हे कोल्हापुरात, जिथनं पन्हाळा दिसतो! सायकलची चेन उतरली तर पोरं फोन करून बापाला बोलवत्यात. बिंदू चौकातनं गंगावेशीला जायला मॅप लावत्यात. पोस्टाचं पाकीट दिलं तर पत्ता कुठल्या बाजूला लिहायचा ते विचारत्यात. उन्हाळ्यात घराघरात मिरच्या निवडून, भाजून डंकावर चटणी कांडून आणायचे, आता पुड्यात मिळते, आणि मिळू दे, माझं काही म्हणणं नाही, पण मिरची किती भाजायची ते घरात एकाला तरी येऊ दे.

ऑगस्ट 2019 विसरलात का तुम्ही? पंचगंगा शहरात आली, लाइट गेली, नळाला पाणी नाही, शिरोलीजवळ हायवे बंद म्हणून पेट्रोल नाही, दूध नाही. चार्जिंग संपलेले फोन घेऊन माणसं जिथं जनरेटर दिसेल तिथं रांग लावून उभी. आमच्या भागात त्या आठवड्यात उपयोगाला कोण आलं ते मी डोळ्यानं बघितलंय. दोरीला न सुटणारी गाठ मारणारे आले. ओल्या लाकडावर चूल पेटवून पन्नास माणसांचा भात करणाऱ्या म्हाताऱ्या बायका आल्या. आडातनं पाणी शेंदणारे आले, कितीतरी वर्षं झाकून ठेवलेला आड उघडला होता आम्ही. तालमीतली पोरं आली, जी पाठीला डबा बांधून नदीतच पोहायला शिकलेली. आणि आमच्या शिकलेल्या पोरांना, त्यात माझा पुतण्यापण आला, मदत करायची मनापासनं इच्छा होती, पण हातात दोरी दिली की गाठ सुटायची आणि काडीपेटी दिली की अर्धी पेटी संपायची. 2021 ला परत पाणी आलं. परत येणार नाही असं कुणी लिहून देणार आहे का? मग ज्या शहराला दर काही वर्षांनी हा प्रसंग येतो तिथल्या शाळेनं दोरी आणि चूल अभ्यासातनं काढून टॅब घालायचा हे मला काही केल्या पटत नाही.

तुमच्याकडनं तीन कारणं ऐकायला मिळाली.

एक, सेफ्टी. कुणाला लागलं तर जबाबदार कोण. हे कारण खरं आहे आणि मी त्याची चेष्टा करणार नाही. पण त्याला उपाय आहेत, अर्धी अर्धी तुकडी घ्या, चष्मे ठेवा, प्रथमोपचाराची पेटी ठेवा, पालकांची संमती घ्या. मैदानावर पण लागतं, म्हणून मैदान विकायला काढत नाही आपण (काढत नसाल अशी आशा).

दोन, मार्क नाहीत, स्कोप नाही. यावर फक्त एवढंच सांगतो की 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण काढून वाचा. सहावी ते आठवीच्या मुलांनी 10 दिवस दप्तराशिवाय गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडं जाऊन शिकावं असं त्यात स्वच्छ लिहिलंय. माझी पोरगी बरोबर त्याच वयात आहे. त्याआधी 1964-66 च्या कोठारी आयोगानं कार्यानुभव सांगितला, त्याच्याही आधी 1937 ला वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली. म्हणजे ही काही माझ्या डोक्यातनं निघालेली उद्यमनगरी आयडिया नव्हे. सरकार आता नव्यानं करा म्हणतंय ते तुमच्याकडं तयार होतं, ते तुम्ही किलोवर विकलं.

तीन, आणि हे एका संचालकांनी तोंडावर सांगितलं, "आमच्या मुलांनी काय आता सुतारकाम करायचं का?"

साहेब, या वाक्यावर जरा थांबूया, कारण खरी अडचण इथंच आहे. सुतारकाम, कुंभारकाम, चामड्याचं काम ही ठरावीक घरांतली कामं आणि बाकीच्यांनी त्याला हात लावायचा नाही, हे आपल्याकडं शेकडो वर्षं चाललं. त्या घरांतल्या पोरांना आता त्यातनं बाहेर पडायचंय आणि त्यांनी पडलंच पाहिजे, मी कुणाला बापाचाच धंदा कर असं सांगणार नाही. शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, 1918 ला बलुतेदारी मोडली, ते यासाठीच की जन्मानं कुणी कामाला बांधलेला नको. तुमच्या ऑफिसात महाराजांचा मोठा फोटो आहे. पण बंधन मोडणं वेगळं आणि काम हलकं समजणं वेगळं, आणि तुमच्या त्या वाक्यात काम हलकं समजणंच होतं. शाळा ही एकच जागा होती जिथं डॉक्टरचा पोरगा आणि सुताराचा पोरगा एकाच टेबलावर रंधा मारायचे आणि त्या दिवशी सुताराचा पोरगा वर्गात पहिला असायचा. तेवढी एक जागा होती त्याला पहिलं यायची, ती पण गेली.

आणि हो, जुनं सगळं चांगलं होतं असंही नाही. आमच्या वेळी मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण, असं वाटून दिलेलं असायचं. मला आजही धड टीप मारता येत नाही आणि माझ्या बायकोला लग्नाआधी कुणी स्क्रू ड्रायव्हर हातात दिला नव्हता. परत सुरू करताना हे मात्र परत आणू नका. पोरांना भाकरी थापता येऊ दे, पोरींना फ्यूज बदलता येऊ दे.

जून 2025 मधे प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमधे आपल्यासारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव सुद्धा घेतलं नाही, तेव्हा किती पेटलो होतो आपण सगळे! शाळेच्या ग्रुपवर पण (तेव्हा बोलायची परवानगी होती) अभिमानाचे मेसेज. जुलैत त्यांची माणसं इथं कारागिरांना भेटायला आली. कोल्हापुरी चपलेला 2019 लाच जीआय मिळालाय, चार जिल्हे महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले. पण त्या मेसेज टाकणाऱ्यातल्या किती जणांच्या पोरांनी आरी, रापी ही चामडं टोचायची-कापायची हत्यारं हातात धरून बघितलीत, कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पकवतात हे किती जणांना माहीत आहे? चपलांच्या दुकानांची चप्पल लाईन तुमच्या शाळेपासनं चालत जायच्या अंतरावर आहे. एक कारागीर तासाभरासाठी बोलावला, मानधन दिलं, तर अॅपच्या एका वर्गाच्या फीपेक्षा नक्की कमी खर्च येईल.

ज्या गावात फार शाळा न शिकलेल्या म्हादबा मेस्त्रींनी ऑइल इंजिन बनवलं, जिथं बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, तिथल्या शाळेत स्क्रू पिळायला खोली नाही म्हणजे काय म्हणायचं. जास्त बोलत नाही.

मागण्या सरळ आहेत.

वर्कशॉपची खोली लॅबला देऊ नका. लॅब करायचीच आहे तर वरच्या मजल्यावर जुना स्टाफरूम मोकळा आहे, ते मी स्वतः बघितलंय. टॅबला माझा विरोध नाही, त्या खोलीवर आणि त्या तासावर टॅब आणायला आहे.

कार्यानुभवाचे तास पाचवी ते आठवीला होते तसे चालू करा, मुलं मुली एकत्र. काय शिकवायचं त्याची यादी मोठी नको. शिवण आणि बटण, करवत आणि खिळा, गाठी, चूल आणि एक वेळचा स्वयंपाक, सायकलचं पंक्चर, प्लग बदलणं, वाफ्यात एखादी भाजी, मोजपट्टी आणि व्हर्नियर. बाकी पोरं आपली आपण मागून घेतील.

दप्तराविना 10 दिवस कागदावर न दाखवता खरोखर करा. कुंभार गल्ली, चप्पल लाईन, उद्यमनगर, एखादं गुऱ्हाळ. उद्यमनगरातल्या भेटीची जबाबदारी मी घेतो, ओळखीचे चार-पाच मालक तयार आहेत, कारखाना दाखवायचे पैसे कुणी घेणार नाही. जी कारागीर मंडळी शाळेत येऊन शिकवतील त्यांना मात्र पैसे द्या, शाल-नारळावर भागवू नका.

भंगारात काय काय गेलं, कुणाच्या सहीनं, किती रुपयांना, ते पालकांना दाखवा. आरोप करत नाही, हिशेब मागतोय. माझ्याकडचा व्हाईस मी परत देतो, आणखी दोन जुने नीट करून देतो. रंधे, कानशी गोळा करायला माजी विद्यार्थी तयार आहेत, कालच दोघांचे फोन आले.

आणि ती "पालकांची मागणी" कुठली होती त्याचा कागद दाखवा, नसेल तर नाही म्हणून सांगा. अॅपची फी भरली नाही म्हणून कुठल्या मुलाला तासाला बाहेर बसवू नका, हे आत्ताच लिहून द्या, कारण मागच्या आठवड्यात दोघांना बसवलंय असं कानावर आलंय.

उत्तर लेखी पाहिजे, पंधरा दिवसांत. पालकसभा बोलवा, मी येतो, बाकीचे पण येतील, आवाज चढवणार नाही. त्याआधी यायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर शॉपवर असतो, बाईंनी आणि मंडळातल्या कुणीही यावं, मशीन बघावं, चहा घ्यावा. फक्त एक काम आज करा, खोलीत एसीवाला अजून आलेला नाही असं शिपाईमामांनी सांगितलंय, त्याला तेवढं थांबवा.

आपला,
सातवीतल्या एका पोरीचा बाप आणि शाळेचा माजी विद्यार्थी
उद्यमनगर, कोल्हापूर